चोथ्याची भागीदारी

सकाळी सकाळीच सरपंचांची आणि त्यांच्या थोरल्या वहिनीची गोठ्यात जुंपली. आम्ही शेजारी, कान देऊन उभे.

"भावजी, मुकं जनावर कालपासून उपाशी आहे. मी वैरण टाकणार!"

"वहिनी, पाया पडतो! पाहुण्यांसमोर म्हशीनं चोथा खायला पाहिजे. पोट भरलेलं असलं तर तोंड तरी लावेल का?"

चोथा म्हणजे जॅमच्या कारखान्यात फळं पिळून उरलेला. आधी कारखाना तो गुपचूप ओढ्यात ओतायचा. ओढा नासला, गावानं बोंब मारली, तेव्हा शहरातली एक संस्था मध्ये पडली. मग कारखाना, संस्था आणि पंचायत अशी तिघांची 'शाश्वत विकास भागीदारी' जमली. घाण ओढ्याऐवजी म्हशींच्या पोटात जाणार! कल्पना वाईट नव्हती हो. पण डिझेल वाचवायला कारखान्याची गाडी आठवड्यातून एकदाच यायची. तोवर पिंपातला चोथा असा आंबायचा की माश्यांनीही झिंगावं. मागच्या खेपेला हीच म्हैस फुगली, मरता मरता वाचली.

दुपारी पाहुणे आले, सोबत कॅमेरेवालेही. कारखान्याच्या साहेबांनी घमेलं पुढं केलं. म्हशीनं हुंगलं, फुर्र करून नाक मुरडलं, मान वळवली आणि संस्थेच्या बाईंच्या हातातला पुष्पगुच्छ रिबिनीसकट खाल्ला. मागच्यांना वाटलं, चोथाच खाल्ला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"बघा, लाभार्थी किती खूश आहे!" साहेब म्हणाले.

सरपंच डोळे वटारत राहिले, पण वहिनींनी पदर खोचला.

"साहेब, आपण भागीदार ना?"

"अर्थात, मावशी!"

"मग एक घास तुम्ही घ्या, एक मी घेते." घमेलं थेट साहेबांच्या नाकाखाली.

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. समोर कॅमेरे. "जरा... शिळा वाटतोय."

"जरा? रोजच्या रोज ताजा पाठवा, सगळी जनावरं खातील. नाहीतर उद्या ही पिंपं तुमच्या फाटकात ओतते."

कॅमेऱ्यांपुढं साहेब दुसरं काय म्हणणार? दुसऱ्या दिवसापासून ताजा चोथा येऊ लागला. म्हशी चाटून पुसून खाऊ लागल्या, ओढाही हळूहळू निवळला. भागीदारीला कुठलंसं मोठं बक्षीस मिळालं. ते आणायला साहेब, बाई आणि सरपंच विमानानं गेले.

"तुम्हाला नाही नेलं?" आम्ही वहिनींना विचारलं.

"मी कशी जाणार?" हातातली पाटी उकिरड्यावर पालथी करत त्या म्हणाल्या, "भावजींच्या म्हशींचं शेण कोण काढणार मग?"