आपली टीम

टेलरमास्तरांनी टीव्हीचा आवाज बंद केला, फोन कानाशी घट्ट धरला आणि बसल्या जागी ओरडले, "गोऽऽल!"

पडद्यावर काहीच झालं नव्हतं. चेंडू रेषेबाहेर गेला होता आणि एक खेळाडू बुटाची नाडी बांधत होता.

मग परदेशातून मुलाचा आवाज आला, "गोऽऽल! अप्पा, काय हाणलाय!"

मास्तरांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. नाडी अजून बांधून व्हायची होती.

मुलगा नोकरीसाठी गेल्यापासून दर रविवारी संध्याकाळी दोघं फोन चालू ठेवून आपापल्या टीव्हीवर मॅच बघत. टीम तिसऱ्याच देशाची. तिचं गाव ना बापाने पाहिलेलं ना लेकाने, पण बोलताना कायम 'आपली टीम'. मुलाकडे खेळ जरा आधी दिसे. तो आधीच बोंबलायचा आणि मास्तर करवादायचे, "अरे गाढवा, मला बघू तरी दे!" मधले काही रविवार त्याला म्हणे सुट्टीच नव्हती. आज फोन आला, आणि पहिला गोल झाला तेव्हा मास्तर आधी ओरडले, पोरगा मागून. तेवढ्यावरून त्यांनी ही खोटी आरोळी ठोकून पाहिली होती. कुठून दुर्बुद्धी सुचली!

"कुणी मारला रे? मला नीट दिसलं नाही."

"आपल्या टकल्याने! अजून कोण?"

टकल्या गेल्याच महिन्यात जास्त पैसे मिळाले म्हणून दुसऱ्या टीमकडे गेला होता.

फोनमध्ये मागे ताटं वाजत होती, कुणीतरी खिदळत होतं. खरं काय ते विचारावं, असं मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं. पण विचारलं आणि पुढच्या रविवारी फोनच आला नाही तर? मॅच सोडून दोघांत बोलायला उरलं होतं काय? त्यांना फार वाईट वाटलं. रागवावं म्हटलं, तर रागही येईना.

"टकल्याच तो," ते म्हणाले. "लाथ बसली की चेंडू जाळीतच."

समोर आपल्या टीमने एकामागून एक दोन गोल खाल्ले. मास्तर सांगत राहिले, पोरगा हुंकार देत राहिला. शिट्टी वाजली.

"जिंकलो रे!"

"तरी मी म्हणत होतो, अप्पा! बरं, ठेवतो. पुढच्या रविवारी बघूच."

"बघू की."

दारात उभ्या असलेल्या बायकोने पडद्यावरचे आकडे वाचले.

"अहो, हरली ना तुमची टीम? मग त्याला जिंकलो काय सांगता? त्याला तिकडे दिसत नाही का?"

"दिसतं की. गंमत केली त्याची."

ती हसली आणि त्यांच्या शेजारी टेकली.

"पुढच्या रविवारी मीपण बसते. खेळातलं मला काय कळणार? पण तो कसा ओरडतो ते तरी ऐकेन."

मास्तरांनी टीव्ही बंद केला.

"बस ना," ते म्हणाले.