घडीची फळी

माझ्या भावाच्या हातून बाप मेला, असं न्हावऱ्यात कुणी उघड म्हणत नव्हतं. गाव एवढं सरळ बोललं असतं तर बरं झालं असतं. लोक म्हणायचे, "फळीच तशी निघाली, पोरगं तरी काय करणार!" आणि चहाचा घोट घ्यायचे. मला त्या घोटाचा फार राग यायचा.

भाऊ म्हणजे संघर्ष, माझ्या पाठचा. यवतला हायवेच्या कडेला त्याचं सुतारकामाचं दुकान. रांजणगावच्या कंपन्यांत मशिनी ज्या लाकडी पेट्यांतून येतात, त्या पेट्यांचं लाकूड आणून तो माळ्यावरच्या घडीच्या फळ्या करायचा. आपल्याकडच्या पत्र्याच्या घरात माळा म्हणजे नुसत्या आडव्या तुळया. वर कायमचं लाकूड ठोकलं तर खाली अंधार आणि उकाडा. नाही ठोकलं तर डबा काढायलासुद्धा माकडासारखं या तुळईवरून त्या तुळईवर जायचं. संघर्षने दोन फळ्या बिजागऱ्यांनी जोडल्या. मिटून काखेत मारायची, शिडीने वर न्यायची, तुळयांवर उघडून टाकायची, काम झालं की पुन्हा मिटून कडेला. ढाबेवाले घ्यायचे, दुकानदार घ्यायचे, खोल्या भाड्याने देणारे घ्यायचे.

त्या फळीचा कायदा एकच. बिजागरी खाली. बिजागरी खाली असली की फळ्यांच्या कडा वरून एकमेकींना रेटतात आणि माणूस पेलतात. उलटी टाकली, बिजागरी वर आली, की मधे पाय पडताच फळी पुस्तकासारखी मिटते आणि माणसाला घेऊन खाली येते. संघर्ष हे प्रत्येक गिऱ्हाइकाला इतकं ऐकवायचा की लोक कंटाळायचे. आणि त्याच्याहून जास्त ऐकवायचे आमचे आबा.

आबा, म्हाळू ओव्हाळ, न्हावऱ्याच्या शाळेत शिपाई होते. आई गेल्यावर एकटेच राहायचे, पण घर असं ठेवायचे की माझ्यासारख्या संसारी बाईने लाजावं. त्या दुपारी शेजारच्या अनसाबाईंनी धप्पकन आवाज ऐकला. धावत आल्या तर आबा जमिनीवर पडलेले आणि अंगाखाली मिटलेली फळी. आबा पुन्हा शुद्धीवर आलेच नाहीत. दवाखान्यातच गेले.

संघर्षने दुकान बंद केलं. आबांच्या जलदान विधीला यवतचा ढाबेवाला हौसराव आला, हात जोडून बसला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःची फळी संघर्षच्या बंद शटरला टेकवून ठेवली. काही बोलला नाही. हौसराव माणूस वाईट नाही, पण न बोलता केलेलं जास्त लागतं. त्याचं बघून आणखी दोघा-तिघांनी तसंच केलं. संघर्ष न्हावऱ्याला येऊन आबांच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला.

मी केंदूरला दिलेली. दोन एसट्या बदलून डबा घेऊन यायचे.

"खा रं दोन घास."

"आक्का, स्क्रू कमी पडला असंल. न्हाईतर लाकूड कच्चं असंल. माझ्या हातानं मेले आबा."

"बघितलीस का तू फळी?"

"मला न्हाई बघवत."

त्याची हत्यारं पोत्यात बांधलेली होती. कंपनीत हेल्पर म्हणून लागतो म्हणायचा. ज्या पोराने शाळेत असताना आईला घडीचा पाट करून दिला, तो दुसऱ्याच्या पेट्या उचलणार होता. तेही एक वेळ चाललं असतं, पण तो दाढी करेना, जेवेना, हाक मारली तर ओ देईना. मला भीती वाटायला लागली. बाप गेला होता आणि भाऊ माझ्या डोळ्यांदेखत चालला होता.

एकदा अनसाबाईंनी त्याला दम देऊन शिरूरला आबांच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी पिटाळलं. घर मोकळं झालं तशी मी पदर खोचला. फळी मागच्या छपरात लोकांनी टाकली होती तशीच होती, भिंतीला टेकलेली. ओढत घरात आणली आणि उघडली. मला सुतारकामातलं ओ की ठो कळत नाही, पण स्क्रू मोजायला सुतार लागत नाही. सगळे जागच्या जागी. बिजागरी सरळ. लाकडाला तडासुद्धा नाही.

मग फळी मोडली कुठे?

संघर्ष फळीच्या वरच्या अंगाला करडा रंग देतो, खालचं अंग कोरंच ठेवतो. त्या कोऱ्या अंगावर, बिजागरीच्या बाजूला, धुळीत पाय उमटलेले होते. आबांचे रुंद पाय, अंगठा बाहेरच्या बाजूला वळलेला. मी शिडी लावून वर गेले. तुळयांना करडा रंग घासून लागला होता. म्हणजे रंगाचं अंग खाली होतं आणि बिजागरी वर. फळी उलटी टाकलेली होती.

मी शिडीवरच हसले. बापाच्या मरणाचं कारण सापडलं म्हणून हसणारी लेक जगात मी एकटीच असेन. पण मला त्या क्षणी बाप दिसत नव्हता, भाऊ दिसत होता. त्याचं काम पक्कं होतं. त्याच्या हाताची चूक नव्हती.

खाली उतरेपर्यंत हसू विरलं. आबा उलटी टाकतील? जो माणूस आल्यागेल्याला "बिजागरी खाली हां" म्हणून शिकवायचा, तो? मी फळी पालथी केली, रंगाचं अंग वर आणलं आणि उजेडात ओढली.

जिथे रोज पाय पडायचा तिथला करडा रंग उडाला होता. रंगाखालून पिवळी अक्षरं वर आली होती. एका ठिकाणी "भागुबाई" पूर्ण वाचता येत होतं. पुढे "स्मर" एवढंच.

मी तिथेच बसले. आई गेली तेव्हा आबांनी गावातल्या बुद्धविहाराला पुस्तकांचं कपाट दिलं होतं आणि त्यावर पाटी लावली होती, "कालकथित भागुबाई म्हाळू ओव्हाळ यांच्या स्मरणार्थ". सागाची पाटी. विहार नवा बांधला तेव्हा सगळ्यांची नावं दगडावर कोरली आणि पाटी घरी परत आली. संघर्षने तीच आबांच्या फळीला वापरली होती. गिऱ्हाइकांना पेटीचं लाकूड आणि बापाला साग. पाटीच्या पाठीला आडव्या पट्ट्या होत्या, म्हणून पाठ खाली गेली आणि नाव वर आलं. आईच्या नावावर रंधा चालवायला त्याचा हात धजला नसणार, म्हणून त्याने वरून रंग दिला. रंगाचे दोन जाड हात मारले की झालं, असं त्याला वाटलं असणार.

आबा देव मानत नव्हते. पण अक्षराला पाय लागला तर भर रस्त्यात वाकायचे आणि हात कपाळाला लावायचे. शाळेच्या मैदानात पडलेला वहीचा फाटका कागदसुद्धा त्यांनी कधी तुडवला नाही. "या अक्षरांनी आपल्याला माणसांत आणलं," म्हणायचे. आम्हा दोघांना त्यांनी मार दिला तो फक्त यासाठी. आणि इथे त्यांच्याच पायांनी रंग झिजवून आईचं नाव वर काढलं होतं.

त्यांनी काय काय केलं असेल ते मला पुन्हा माळ्यावर चढल्यावर दिसलं. आधी नावावर गोणपाट अंथरलं असणार, कारण वर एक गोणपाट नीट घडी करून ठेवलेलं होतं. पण गोणपाटाखाली भागू आहे हे त्यांना माहीत होतं. मग त्यांनी फळी उलटी केली, आणि उलटी असूनही पेलावी म्हणून बिजागरीचा जोड बरोब्बर तुळईवर ठेवला. रंगाचे जुने डाग तसं सांगत होते. शेवटचे डाग मात्र कोपऱ्याकडे होते. तिथे विहाराचं मोठं पातेलं ठेवलेलं असतं. ते काढायला त्यांनी फळी पुढे सरकवली आणि जोड तुळईवरून सुटला.

आबांनी संघर्षला सांगायचं तर एका शब्दाचं काम होतं. पण तो शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. मला ती फळी त्यांनी केवढ्या कौतुकाने दाखवली होती. "माझ्या पोरानं सागाची केलीया मला," असं म्हणून हात फिरवला होता तिच्यावर. त्या पोराला ते कसं म्हणणार की तू आईचं नाव माझ्या पायाखाली घातलंस?

आणि मी तरी कसं म्हणणार? आपलेच दात, आपलेच ओठ. भाऊ आधीच अर्धा मेला होता. मी ठरवलं, अर्धंच सांगायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

संध्याकाळी संघर्ष परत आला. मी फळी बरोबर टाकली होती, बिजागरी खाली, आणि वर गोणपाट. त्याला हाक मारली आणि मधोमध जाऊन उभी राहिले. मी काही अंगाने हलकी नाही. तिथे उड्या मारल्या. गोणपाटाखाली आई होती. मनात म्हटलं, माफ कर बाई, तुझ्या लेकासाठी करतेय.

"बघ! मोडली का? तूच केलेली फळी हाय ही!"

तो खालून बघत राहिला. "मग?"

"उलटी टाकली व्हती आबांनी. पायाच्या खुणा बघितल्या मी. वय झालं व्हतं रं त्यांचं. इसरले."

तो तुळईखाली आला, हात उंच करून त्याने बिजागरीला बोट लावलं, आणि रडला. आबा गेल्यापासून पहिल्यांदा रडला. मग मी खाली उतरून वाढलेली भाकरी त्याने खाल्ली. मला समाधान वाटलं आणि त्याच वेळी तोंड लपवावंसं वाटलं. आयुष्यात काहीही न विसरलेल्या माणसाला मी मेल्यावर विसरभोळा करून टाकलं होतं.

ती फळी मी "मला लागतीया" म्हणून केंदूरला घेऊन गेले आणि आमच्या माळ्यावर नाव वर करून ठेवली. तिच्यावर कुणी चढत नाही.

न्हावऱ्यात बातमी पसरली. आता लोक चहा पिताना म्हणायला लागले, "म्हातारपण वाईट, इसरला बिचारा." घोट तोच, फक्त बाजू बदलली होती. 

पुढे एके दिवशी संघर्षचा फोन आला. "आक्का, दुकान उघडलं. ये की बघाया." आवाज पहिल्यासारखा होता. मी चौफुल्यावरून एसटी बदलून यवतला गेले.

शटर वर होतं. लाकडाच्या भुशाचा वास, कानावर पेन्सिल, दाढी केलेली. हौसराव स्वतःची फळी परत घेऊन गेला होता आणि वर चहा पाजून गेला होता. संघर्ष वाळला होता, पण हात चालत होते. मला खुर्ची दिली, मग म्हणाला, "थांब, आधी ह्ये बघ."

दुकानाच्या मधोमध सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर नवी फळी उघडून टाकली होती. तिच्या वरच्या अंगावर, अगदी मधोमध, लाल रंगात मोठ्या सुबक अक्षरांत लिहिलं होतं, "म्हाळू ओव्हाळ".

"आबांचं नाव," तो म्हणाला. "आता परत्येक फळीवर टाकनार. नाव वर दिसलं म्हंजी बाजू बरोबर. आबांवानी कुणी इसरायचं न्हाई, कुनाचा बाप पडायचा न्हाई. कशी हाय कल्पना?"

मी फळीभोवती एक चक्कर मारली.

"चढ की आक्का. पयला पाय तुजा. तुज्यामुळंच दुकान उघडलं."

त्याने स्टूल पुढे केलं. मी चप्पल काढली, स्टुलावर चढले, पाय उचलला. रंगच तर होता. लाकूडच तर होतं. ठेवला असता पाय तर भाऊ हसला असता आणि मी चहा पिऊन केंदूरला परत गेले असते. पण या फळ्या घरोघर जाणार होत्या. कुठल्यातरी घरात आबांसारखं कुणीतरी असणार, ते नाव वाचणार, आणि पाय मागे घेऊन फळी उलटी करणार. आणि पुढे काय होतं ते मी आमच्या घरात पाहिलं होतं.

मी पाय मागे घेतला. वाकून नावाला हात लावला, कपाळाला लावला आणि खाली उतरले.

संघर्ष हसला. "अगं, पाय ठिवायलाच हाय ती. ठिव की."

"न्हाई ठिववत."

"का?"

"आबांनीबी न्हाई ठिवला."

"कशावर?"

मी चप्पल पायात घातली. तो माझ्याकडे बघत राहिला, मग फळीवरच्या लाल अक्षरांकडे. त्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण डोळ्यांतलं विझलं.

"सागाची," तो म्हणाला. आणि मग, "रंग उडाला व्हता?"

"व्हय. आईचं नाव वर आलं व्हतं."

"मला म्हनायचं न्हाई का त्यांनी?"

"तुला कसं म्हनतील ते?"

त्याने फळी उचलली आणि मिटायला घेतली, नाव डोळ्यांआड व्हावं म्हणून. पण बिजागरी खाली असली की फळी मिटल्यावरही वरचं अंग बाहेरच राहतं. म्हाळू एका पाठीवर आणि ओव्हाळ दुसऱ्या. तो ती फळी उराशी धरून दुकानाच्या मधोमध उभा राहिला, आणि तिला खाली कुठे ठेवावं हे आम्हा दोघांनाही कळेना.