डीकनचे कान

तिसऱ्या जागी जनरेटर सुरू झाला आणि घोड्याने कान मागे पाडले.

"नामंजूर," कॉय म्हणाला आणि फोर्कलिफ्टचा दांडा ओढून जनरेटर ट्रेलरच्या टपावरून खाली आणू लागला.

व्हर्लने टोपी काढून कपाळ पुसलं. सकाळपासून तीन जागा बघून झाल्या होत्या. मागे, घोड्याच्या कप्प्याला लागून: कान मागे. बाजूला, पायरीजवळ: कान मागे, वर एक लाथ. आणि आता टपावर, गवताच्या गठ्ठ्यांशेजारी. दर वेळी तीन मोठी माणसं श्वास रोखून एका घोड्याच्या कानांकडे बघत उभी राहत होती, जणू निवडणुकीचा निकाल लागणार होता.

"टपावर चाललं असतं की," व्हर्ल म्हणाला. "जरा वेळ दिला असतास तर सवय झाली असती त्याला."

"त्याला सवय होईल, पण माझ्या खांद्याचं काय?" ट्वायला घोड्याच्या मानेवर हात ठेवून म्हणाली. "पेट्रोलचा डबा घेऊन रोज शिडी कोण चढणार?"

मी चढेन, असं व्हर्लच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याने टोपी परत घातली.

डीकनच्या, म्हणजे त्या घोड्याच्या, मताला एवढी किंमत असण्याचं कारण साधं होतं. व्हर्ल आणि ट्वायलाच्या घरात बक्षिसं तो एकटाच जिंकत होता. मैदानात मांडलेल्या तीन पिंपांना वळसे घालून कोण आधी परततं, एवढीच ती शर्यत. पण रात्रभर कान पाडून उभा राहिलेला घोडा दुसऱ्या दिवशी हमखास दुसरं पिंप पाडतो, असं ट्वायलाचं ठाम मत होतं. दर उन्हाळ्यात ती त्याला घेऊन ओक्लाहोमापासून थेट मोंटानापर्यंत जायची. ट्रेलरच्या मागच्या भागात घोडा, मधे चूल आणि सिंक, आणि ट्रकवर झुकलेल्या पुढच्या नाकाडात पलंग. व्हर्ल त्या पलंगावर एकदाही झोपला नव्हता. उन्हाळ्यात काउंटीचे रस्ते सपाट करायचे असत, आणि ते करणारं यंत्र व्हर्ल चालवत असे. मे महिन्यात तो निवृत्त झाला. ट्वायला शुक्रवारी निघणार होती. 'चल' असं ती अजून म्हणाली नव्हती, आणि 'येऊ का' असं त्याने विचारलं नव्हतं. त्याऐवजी त्याने ट्रेलरमधल्या एसीला वीज द्यायला जनरेटर आणला. काही माणसं प्रश्न विचारतात, काही खरेदीला जातात.

जनरेटरच का, हेही त्याला नीट माहीत होतं. गेले तीन सप्टेंबर ट्रेलर धुताना त्याला आतल्या खुंटीवर एक नारिंगी वायर सापडत होती. वायर आपली नाही हे त्याने बघताक्षणी ओळखलं होतं. ट्वायला कुठलीही वायर उकडलेल्या शेवयांसारखी गोळा करून कोपऱ्यात फेकते. ही मात्र इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी घडी घालून, मधे गाठ मारून टांगलेली असे. तशाच घडीच्या अकरा वायरी या क्षणी व्हर्लच्या डोळ्यांसमोर, कॉयच्या वर्कशॉपच्या भिंतीवर टांगलेल्या होत्या.

दर उन्हाळ्यात त्याच शर्यतींच्या मैदानांवर कॉय बैलांच्या शिंगांना फास टाकायच्या स्पर्धेला जात असे. त्याचा ट्रेलर शेजारी लागायचा, आणि त्याच्याकडे जनरेटर होता. व्हर्लने पुढचा हिशेब करायचं टाळलं होतं. टाळून टाळून त्याला तो पाठ झाला होता.

आता ती वायर कायमची बंद करायची, तर जनरेटरसाठी ट्रेलरला ॲल्युमिनियमची फळी जोडून घ्यायला हवी. शंभर मैलांत ॲल्युमिनियमला धड वेल्डिंग करणारा माणूस एकच होता, आणि तो, म्हणजे कॉय, ट्वायलाचा पहिला नवरा होता. ही देवाची योजना असेल, तर येत्या रविवारी चर्चमध्ये व्हर्लला देवाशी दोन शब्द बोलायचे होते.

"आता राहिलं नाकाड," कॉय म्हणाला. "ट्वाय, त्याला जरा पुढे आण."

ट्वाय. व्हर्लला लग्नाच्या सोळा वर्षांत हे नाव कापायचं सुचलं नव्हतं.

ट्वायलाने घोड्याला पुढे आणलं. कॉयच्या शेजारून जाताना डीकनने सहज मान वळवली, त्याच्या शर्टाच्या खिशात नाक घातलं आणि पेपरमिंटची गोळी काढून घेतली. त्याला ती शोधावीसुद्धा लागली नाही. व्हर्लला हा घोडा आजवर दोनदा चावला होता.

"लाडावलाय नुसता," कॉय म्हणाला.

"दिसतंय," व्हर्ल म्हणाला. मग न राहवून त्याने भिंतीकडे मान उडवली. "आता तुझ्या एका वायरीला सुट्टी. एसी आपल्या आपणच चालेल."

"एसी?" कॉयने फोर्कलिफ्ट थांबवला. "त्या वायरीवर एसी? वितळून जाईल रे बाबा ती! तिच्यावर पंखा चालायचा नुसता."

"कसला पंखा?"

"डीकनचा."

व्हर्लने घोड्याकडे पाहिलं. घोडा पेपरमिंट चघळत होता. तीन वर्षं, म्हणजे तीन हिवाळेसुद्धा धरून, व्हर्लने ज्या वायरीचा राग राग केला होता, तिच्या दुसऱ्या टोकाला हा वारा खात उभा होता.

"आणि तू गं?" त्याने ट्वायलाला विचारलं. "तू उकाड्यात झोपायचीस?"

"मी खिडकी उघडते. मला कुठे उकडतं?"

"मग एसी कशाला हवाय?"

"जनरेटर तूच आणलास ना?" ट्वायला म्हणाली आणि घोड्याच्या आयाळीतली गवताची काडी काढू लागली. ती काडी बराच वेळ निघाली नाही.

व्हर्लला नेहमीच उकडत असे. नोव्हेंबरच्या थंडीत, थँक्सगिव्हिंगलासुद्धा तो दार उघडं टाकून टर्कीवर ताव मारायचा, आणि पाहुणे कोट घालून जेवायचे. पण हा विचार पुढे सरकायच्या आत कॉयने जनरेटर नाकाडाशी, डाव्या अंगाला नेऊन धरला आणि सुरू केला.

कान मागे.

"डावं नामंजूर," कॉय ओरडला. त्याने जनरेटर हातभर उजवीकडे सरकवला.

डीकनने एक कान उभा केला. मग थोडा विचार करून दुसरा.

कॉयने जनरेटर बंद केला, फोर्कलिफ्टवरून उतरला आणि खिशातून खडू काढला. खाली वाकून त्याने नाकाड बोटांनी वाजवून पाहिलं.

"जागा चांगली आहे. धुराचं नळकांडं पार त्या बाजूला काढतो, आत धोक्याची घंटी बसवतो. फक्त एक आहे. वर जो झोपेल त्याची हाडं खुळखुळतील." तो व्हर्लकडे न बघता म्हणाला, "पलंगावर कोण कुठल्या बाजूला झोपतं?"

वर्कशॉपचा पत्रा उन्हाने तापून कटकट वाजत होता. ट्वायला घरी खिडकीकडे झोपते हे व्हर्लला माहीत होतं. पण या पलंगाच्या दोन्ही बाजूंना खिडक्या होत्या. कॉयला नक्की माहीत असणार, असं त्याला वाटलं. माहीत असून विचारतोय, हेही वाटलं. सोळा वर्षांचा नवरा आणि हातात खडू घेतलेला पहिला नवरा एका ट्रेलरच्या नाकाडाकडे बघत उभे राहिले.

"उजवी बाजू व्हर्लची," ट्वायला घोड्याच्या मागून म्हणाली.

कॉयचा खडू हवेतच राहिला.

"हा येतोय?"

"शुक्रवारी. मग एवढा एसी काय घोड्याला दाखवायला चालवायचाय?"

"माझ्या वेळी," कॉय सावकाश म्हणाला, "पलंगावर खोगिरं असायची. आठ वर्षं मी ट्रकच्या सीटवर झोपलो."

"तू कुठे म्हणालास कधी, काढ म्हणून?"

"तू कुठे विचारलंस?"

कॉयने खाली वाकून उजव्या अंगाला चौकोन आखला. जरा जास्तच ठळक. चौकोनाच्या बरोब्बर वर व्हर्लची उशी येणार होती.

"आत जाऊन आडवा तरी होऊन बघ," तो म्हणाला. "नंतर तक्रार नको."

व्हर्ल आत गेला. चूल ओलांडली, सिंक ओलांडलं, दोन पायऱ्या चढून पलंगावर सरपटला आणि उजव्या बाजूला उताणा झाला. बूट बाहेर लोंबत होते. छत नाकापासून दीड हातावर. उशीला ट्वायलाच्या डोक्याच्या तेलाचा वास होता आणि थोडा घोड्याचा. खाली जनरेटर सुरू झाला. फळी अजून जोडलेली नव्हती, तरी व्हर्लचे दात एकमेकांवर वाजायला लागले. डोळ्यांसमोरचं छत दोन-दोन दिसू लागलं.

"कसं आहे?" खालून कॉय ओरडला.

"झ-झ-झकास!"

"हवं तर डावीकडे सरकवतो! घोड्याचं बघू काय ते!"

"हा-हात लावायचा नाही!" व्हर्ल आतून ओरडला.

जनरेटर बंद झाला. व्हर्ल उठला नाही. कुशीवर वळून त्याने छोट्या खिडकीतून बाहेर पाहिलं. ट्वायला घोड्याला पाणी पाजत होती. कॉयने ट्रेलरमधली नारिंगी वायर खुंटीवरून काढून आणली होती. वर्कशॉपच्या दारात उभं राहून त्याने तिची गाठ सोडली, ती हातात धरून थोडा वेळ बघितली, आणि मग शेवयांसारखी कशीतरी गोळा करून भिंतीवरच्या अकरा वायरींच्या खाली टाकून दिली.