चूक पकडणाऱ्याला पहिला तुकडा

मी एक जुना तांब्याचा हंडा आहे, मित्रांनो. पोट मोठं, कान दोन, आणि या कानांनी मी जितकं गाणं ऐकलं आहे तितकं आमच्या तेस्तूर गावात कोणीच ऐकलेलं नाही. ही बढाई नाही. बरं, थोडी आहे, पण माझ्या वयाला तेवढी शोभते.

माझा जन्म कैरवानच्या तांबटांच्या गल्लीत झाला. हातोड्याचे घाव खाऊन खाऊन मला हे गोल पोट आलं. माझ्यासोबत माझा जोडीदारही घडला. त्याच्या बुडाला चाळणीसारखी भोकं आहेत. मी चुलीवर बसून मटण, हरभरे आणि भोपळ्याचा रस्सा शिजवायचा आणि माझ्या डोक्यावर बसून त्याने त्या वाफेवर रव्याच्या बारीक दाण्यांचं कुसकुस फुलवायचं, अशी आमची वाटणी. लोक जेवून उठताना म्हणतात, कुसकुस काय मोकळं झालं होतं! आगीत कोण बसलं होतं ते कोणी विचारत नाही. असो.

आम्हाला विकत घेतलं लल्ला मन्नाना नावाच्या एका विधवा बाईंनी. नदीकाठी त्यांची डाळिंबाची मोठी बाग होती आणि मालूफचं, म्हणजे आमच्याकडच्या जुन्या परंपरेच्या गाण्याचं, त्यांना वेड होतं. गळा मात्र देवाने असा दिला होता की त्या गुणगुणू लागल्या की घरातलं मांजर उठून अंगणात जाई. स्वतःला गाता येत नाही, तर गाणाऱ्यांसाठी काहीतरी करावं, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यांनी ती अख्खी बाग धर्मादाय करून टाकली. बाग कोणी विकायची नाही, कोणी वाटून घ्यायची नाही. तिच्या उत्पन्नातून दर गुरुवारी संध्याकाळी गावातल्या गाणाऱ्यांना पोटभर जेवण घालायचं.

रोख पैसे का नाही दिले, असं तुम्ही विचाराल. अहो, आमच्याकडे मालूफ गाणारे म्हणजे न्हावी, कौलं भाजणारे, चपला शिवणारे. शेजाऱ्यांसमोर गाऊन त्यांच्याकडून मजुरी घ्यायची, हे त्यांना कमीपणाचं वाटे. हातावर नाणी ठेवली असती तर सगळे रुसून घरी गेले असते. पण समोर वाफाळतं ताट आलं तर रुसणार कोण?

बाईंनी आणखी एक अट घातली, आणि गावाने ती जिवापाड पाळली. गाताना जो दुसऱ्याची चूक पकडेल, त्याला मटणाचा पहिला तुकडा.

या अटीमुळे काय झालं असेल त्याची कल्पना करा. गाणारे गात असत आणि बाकीचे सगळे टपून बसत. नूबा म्हणजे एकामागून एक गुंफलेल्या पदांची लांबलचक माळ. ती कुठे लिहिलेली नव्हती. बापाकडून लेकाकडे तोंडीच आलेली. तिच्यातला एक सूर इकडचा तिकडे झाला की कोणीतरी ओरडलंच म्हणून समजा.

"थांब, थांब. सूर तिथे वर जात नाही, तिथेच रेंगाळतो."

"माझा बाप असंच गायचा."

"तुझ्या बापाचंही चुकायचं. तेव्हाचा तुकडा माझ्या बापाने खाल्लाय."

मग जेवण होईपर्यंत तोच वाद चाले. कोणी चमच्याने ताल धरी, कोणी तोंडातला घास तसाच ठेवून सूर लावून दाखवी. पोरंसोरं बाजूला बसून ऐकत आणि नकळत शिकून जात. मला फार बरं वाटे. अशी अनेक वर्षं गेली.

पुढे कायदा बदलला, तशा धर्मादाय जमिनी राहिल्या नाहीत आणि बाग गेली. तेस्तूरकरांनी वर्गणी काढून गुरुवार चालू ठेवला. मटणाचा तुकडा लहान होत गेला, वाद मात्र पूर्वीएवढाच. मग वर्गणीही आटली, गुरुवार जिथे भरायचा त्या गाण्याच्या घराचं छप्पर गळायला लागलं, आणि शेवटी गुरुवारी म्हातारे आणि नजला एवढेच उरले. नजला ही शाळेत शिकवणारी मुलगी. व्हायोलिन उत्तम वाजवते, गाते त्याहून चांगलं.

अशा वेळी राजधानी ट्यूनिसहून एक प्रतिष्ठान आमच्या मदतीला आलं. बिस्किटांचा कारखाना असलेल्या एका श्रीमंत घराण्याचं. त्यांच्या वतीने यायच्या त्या मादाम सिहेम. मी खोटं बोलणार नाही, मित्रांनो. आज माझ्या अंगावर पावसाचा थेंब पडत नाही तो त्या बाईंमुळे. त्यांनी छप्पर बदललं, भिंतींना चुना दिला, नवी व्हायोलिनं आणली, नजलाला शिष्यवृत्ती दिली. मनाने सोन्यासारखी बाई. पण प्रतिष्ठानच्या मंडळाचा एक नियम होता. पैसे कलेसाठी, जेवणावळीसाठी नाहीत. त्यामुळे गुरुवारची चूल बंद झाली आणि तिच्या जागी बिस्किटांचे डबे आले.

आणि मी? मला बाहेरून लख्ख घासून भिंतीवर टांगलं. वर एक दिवाही लावला. आयुष्यात मी इतका देखणा कधी दिसलो नव्हतो आणि इतका निकामीही कधी नव्हतो. आमची स्वयंपाकीण सालहामावशी माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मेला नाहीस अजून," ती म्हणाली, "आणि फोटोसारखा भिंतीवर काय बसलास?"

मला रडू आलं असतं, पण तांब्याला ती सोय नाही.

खुर्च्या ओळीत लागल्या. शिस्त आली. गाणं ऐकायला पाहुणे येऊ लागले, आणि पाहुण्यांसमोर, हातात बिस्कीट धरून, कोण कोणाची चूक काढणार? चुका एकदा आल्या त्या मुक्कामालाच राहिल्या. सगळे टाळ्या वाजवत. मी भिंतीवरून ऐकत होतो आणि आतल्या आत जळत होतो, चुलीशिवाय.

सगळ्यात मोठी काळजी एका जुन्या नूबेची होती. तिच्यातला संथ भाग आता एकट्या सीदी ख़मीसना येत होता. ते पूर्वी न्हावी होते, आता हात थरथरतात म्हणून दुकान बंद केलेलं. तो भाग त्यांच्याकडून घेतला नाही तर तो त्यांच्याबरोबरच जाणार, हे नजलाला कळत होतं. तिने मादामना सांगितलं. मादामनी लगेच व्यवस्था केली. बंद खोली, ट्यूनिसहून आलेला ध्वनिमुद्रण करणारा माणूस, समोर मायक्रोफोन. सीदी ख़मीस लाल टोपी नीट करून बसले. तोंड उघडलं. पुन्हा मिटलं.

"येतं मला," ते म्हणाले. "इथे आहे सगळं. पण निघत नाही."

दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवलं, पुन्हा तेच. म्हातारबुवा मान खाली घालून घरी गेले आणि त्यानंतर लाजेने येईनासे झाले. त्या संध्याकाळी नजला माझ्याखाली जमिनीवर बसून रडली. मला फार वाईट वाटलं. तो भाग मी शेकडो वेळा ऐकला होता, पण माझ्याजवळ जीभ कुठे होती?

काही दिवसांनी मादाम आल्या, तेव्हा नजला विचारात बुडालेली होती.

"मादाम, मी एक गोष्ट आठवून पाहिली," ती म्हणाली. "सीदी ख़मीसना पहिल्यापासून गाताना मी कधी ऐकलंच नाही. ते नेहमी मधूनच सुरू व्हायचे. कोणी चुकलं की."

"म्हणजे त्यांच्यासमोर चुकीचं गायचं?"

"हो. आणि जेवायला बोलवायचं. बिस्किटावर नाही जमणार."

"मंडळ जेवणाला पैसे देणार नाही, नजला. मी विचारून पाहिलंय." मादामनी भिंतीवर माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मी पाहुणी म्हणून येते. पाहुणीने घरून मटण आणलं तर मंडळ काय बोलणार?"

मला भिंतीवरून उतरवलं, मित्रांनो! पण चुलीवर चढवायच्या आधी सालहामावशीने आत डोकावून पाहिलं आणि मला थेट कल्हईवाल्याकडे नेलं. आतली कल्हई पार उडाली होती, तशात रस्सा शिजवला असता तर तो कळकला असता.

"वा रे वा," कल्हईवाला म्हणाला. "बाहेरून नवरदेव आणि आतून कोळसा."

त्याने मला तापवलं, नवसागर टाकला, कथील फिरवलं, आणि माझं पोट आतून चंद्रासारखं उजळलं. भिंतीवरच्या दिव्याने जे झालं नव्हतं ते इथे झालं.

गुरुवारी खुर्च्या बाजूला सारून सतरंज्या अंथरल्या. "गायला नाही, नुसते जेवायला या," असं सांगून नजलाने सीदी ख़मीसना आणलं. ते कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले. मी रटरटत होतो. नजलाने तो संथ भाग सुरू केला, मुद्दाम चुकवून. म्हातारबुवांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि टोपी नीट केली. तिने आणखी एक चूक केली. काही नाही. पोरीचा गळा इतका तयार की तिच्या चुकाही सुरेल निघत होत्या. अशा चुकांवर चिडून कोण उठणार?

नजलाचा आवाज कापायला लागला. मादाम सिहेमना ते बघवेना. तिला धीर द्यावा म्हणून त्यांनी स्वतःच मोठ्याने सूर लावला. काय सांगू! लल्ला मन्नाना पुन्हा जन्माला आल्या असं मला वाटलं. माझं झाकण हललं.

सीदी ख़मीसनी जमिनीवर हात आपटला.

"बस, बाई, बस. हे पद आहे की बकऱ्यांचा बाजार? ती ओळ अशी नाही!"

आणि त्यांनी ती ओळ गाऊन दाखवली. मादामनी ती परत म्हटली, आणखी वाईट. त्यांनी पुढची गायली. दुसरा म्हातारा मध्येच म्हणाला, "ख़मीस, इथे दोनदा म्हणतात," तर हे त्याच्यावर उखडले, आणि दोनदा नव्हे तर तीनदा म्हणतात हे सिद्ध करायला पुढचं सगळं गात सुटले. थरथरता हात ताल धरत होता, टोपी तिरपी झाली होती, आणि तो अख्खा संथ भाग शेवटच्या सुरापर्यंत बाहेर आला. मायक्रोफोन बंदच होता. नजला मात्र डोळे मिटून एकेक ओळ पुटपुटत होती.

पहिला तुकडा अर्थातच त्यांना मिळाला. तो चघळत ते मादामना म्हणाले, "तू दर गुरुवारी ये. इतकं छान चुकणारं माणूस गावात उरलं नाही."

मादामनी ट्यूनिसला जाऊन भांडण केलं का? नाही. त्यांनी मंडळातल्या लोकांनाच एका गुरुवारी इथे जेवायला बोलावलं. पोट भरल्यावर नियम बदलणं सोपं जातं. आता चुलीचा, लाकडांचा आणि माझ्या कल्हईचाही खर्च प्रतिष्ठान देतं.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे, मित्रांनो. उद्या तुम्ही मोठे व्हाल, कोणाला चार पैसे देण्याजोगे व्हाल. नवी वस्तू घेऊन देणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांचं भलं होवो. पण जुन्याची आतली कल्हई कधी उडाली ते पाहणारे फार थोडे असतात. तुम्ही त्या थोड्यांत असा. आणि ज्याच्यावर प्रेम आहे त्याला भिंतीवर टांगू नका, कामाला लावा.

गेल्या हिवाळ्यातलं एक सांगतो आणि थांबतो. तीच नूबा चालली होती, सीदी ख़मीस स्वतः गात होते. गाता गाता त्यांची एक ओळ सुटली. सगळ्यांनी ताटात मान घातली. त्यांची चूक पकडून आजवर कोणी तुकडा मिळवला नव्हता आणि घ्यायची कोणाची हिंमतही नव्हती. नजलाने व्हायोलिन खाली ठेवलं.

"सीदी," ती हळूच म्हणाली, "एक ओळ राहिली." आणि तिने ती गाऊन दाखवली.

म्हातारबुवांनी डोळे मिटून मनातल्या मनात ती पडताळून पाहिली. मग ताट जवळ ओढलं, चांगला मोठा तुकडा निवडला आणि थरथरत्या हाताने तिच्यापुढे ठेवला.

"खा, पोरी," ते म्हणाले. "आता मला निवांत चुकता येईल."