नवव्या कुंडीचं पाणी

खिडकीत आठ कुंड्या होत्या: तीन गुलाब, दोन जरबेरा, दोन नेचे आणि एक मनी प्लांट. माझ्या तोंडाला एकवीस भोकं होती, त्यांतली सहा पांढऱ्या थराने बुजलेली. मित्रांनो, मी एक जुनी झारी आहे आणि त्या आठही कुंड्या माझ्या जिवावर जगत होत्या.

कारखान्यात पत्र्याला आकार देऊन, निळा मुलामा चढवून मला भट्टीत भाजलं. मग शिवणकाम करणाऱ्या मावशींनी मला घरी आणलं. रोज सकाळी मशीनवर बसण्याआधी त्या मला नळाखाली धरत. शेजारीण म्हणायची, “तुमच्या हाताला गुण आहे हो!” हाताला? पाणी तर माझ्या पोटात असायचं. तरी मी ऐकून घ्यायची.

मग मावशींच्या भाचीने नववी कुंडी आणली. व्हीनस फ्लायट्रॅप. उंची वीतभरही नाही, पण तोरा केवढा! पानांच्या टोकांना दातेरी जबडे. आतल्या केसांना माशी दोनदा लागली की जबडा मिटायचा. गुलाबांकडे ढुंकूनही न बघणारी गिऱ्हाइकं त्याच्यापुढे वाकून उभी राहायची. वर भाचीने बजावलं, “मावशी, याला झारीतलं पाणी अजिबात नको. या बाटलीतलं डिस्टिल्ड वॉटर बशीत ओत, खालून पिऊ दे.”

कालची प्लास्टिकची बाटली, आणि मान तिला! माझा नुसता जळफळाट झाला.

भाची कामासाठी परगावी गेली आणि बाटली संपली. रोप उपाशी राहील म्हणून मावशींनी माझ्या पाण्यात चमचाभर खत ढवळलं. अखेर माझी पाळी आली! पंधरा भोकांनी मी रोज भरभरून बरसले. येता-जाता मावशी पेन्सिलीने जबड्यांना डिवचत, “मिट बघू, शहाण्या!” एका जबड्यात त्यांनी उकडलेल्या अंड्याचा तुकडाही ठेवला.

भाची परतली तेव्हा सातांपैकी सहा जबडे काळे पडले होते. मला वाटलं होतं, बरा उतरला तोरा. पण तोरा नव्हे, जीव चालला होता.

“मावशी, काय घातलंस याला?”

“सगळ्यांना घालते तेच. माझ्या घरी पंक्तिप्रपंच नाही बाई.”

“अगं, तिथेच चुकलं! हे दलदलीतलं रोप. तिथल्या मातीत पोषण जवळजवळ नसतंच, म्हणून तर ते किडे धरतं. उगाच मिटायला लावलं की दमतं. आणि मुळांना क्षार सोसत नाहीत.” तिने माझ्या तोंडावरचा पांढरा थर नखाने खरवडला. “हे बघ. हेच याच्या मुळांशी साचलंय.”

मावशी खुर्चीत बसल्या. “म्हणजे मी लाडानेच मारलं की गं याला.”

“एक जबडा हिरवा आहे अजून. ऊठ, वाळू आण.”

दोघींनी काळी पानं कापली, मुळं धुतली आणि रोप बिनखताच्या पीट मॉसमध्ये, म्हणजे दलदलीतल्या शेवाळाच्या भुशात, धुतलेली वाळू मिसळून लावलं. मलाही घासून-पुसून लख्ख केलं. आता पाऊस पडला की गच्चीवर पातेलं ठेवतात आणि ते पाणी माझ्या तोंडून बशीत पडतं. पेन्सिल मशीनच्या खणात गेली.

माझा जळफळाट पुरता गेला असं म्हणणार नाही. गिऱ्हाइकं आजही माझ्याकडे बघत नाहीत. पण मित्रांनो, कुणाची काळजी घ्यायची असेल तर आपल्याजवळ आहे ते त्याच्यावर ओतू नका. त्याला काय सोसतं ते आधी जाणून घ्या. हे मी सांगते आहे, जिला ओतण्याखेरीज दुसरं काही येत नाही.

काल भाचीने मावशींची मापाची टेप जबड्यांना लावली. नवे जबडे चार. सर्वांत मोठा बारा मिलिमीटर.