अनसूयेची ओळ

चिठ्ठीच्या घडीत एक तीळ अडकला होता. काळा, चपटा, आणि नखाने काढायला जावं तर कागदासकट निघेल असा… आल्हादने नख मागे घेतलं. दर वर्षी पाण्याचे थेंब पडून आणि दर वर्षी वाळून कागद पापडासारखा कडक झाला होता, आणि त्यावरची भय्यासाहेबांची शाई — वडिलांना घरात सगळे भय्यासाहेबच म्हणत, तोसुद्धा — ठिकठिकाणी पसरली होती. तरी नावं वाचता येत होती. सगळी वाचता येत होती, हीच तर अडचण होती.

ही चिठ्ठी वर्षभर देवघराच्या खणात पडून असायची आणि पितृपक्षात एक दिवस बाहेर यायची. भय्यासाहेब पाटावर बसून तिच्यावरची गेलेल्यांची नावं पुटपुटत आणि एकेका नावाला ओंजळीतून तिळाचं पाणी सोडत. दोन वर्षांपूर्वी ते स्वतःच त्या यादीत जाऊन बसले, आणि पहिल्या वर्षी पक्ष करत नाहीत. उद्या सकाळी नऊ वाजता त्या पाटावर आल्हादला बसायचं होतं, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, आणि इतकी वर्षं तो फक्त पाण्याचा तांब्या भरून आणून देत आला होता. कान कधी दिलाच नव्हता. एक मात्र आठवत होतं… नावं चालू असताना मध्येच केव्हातरी आत स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबायचा, आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू व्हायचा. लहानपणी त्याला वाटायचं, संपत आलं असेल, आता पानं वाढतील.

खरं तर हे सगळं उकरलं मृण्मयीने. मुलगी बेंगळुरूला नोकरीला, तिला एकाएकी घराण्याचा इतिहास हवा झाला आणि तिने मोबाइलवर चौकटींचा एक तक्ता पाठवून दिला. "बाबा, स्वतःपासून स्टार्ट करा. मग आई-वडील, मग त्यांचे आई-वडील. जे पक्कं माहीत आहे ते आधी. एकदम सोपं आहे." सोपं! पण आल्हादलाही हुरूप आला होता. जन्मभर त्याने दुसऱ्यांच्या जमिनींचे नि घरांचे नकाशे काढले होते, आता आपल्याच घराचा काढायचा. पूर्वज शिंद्यांच्या दफ्तरात होते म्हणे. उज्जैनच्या प्रत्येक मराठी घरात एक पूर्वज दिवाण असतोच, जरा खरवडलं की तो कारकून निघतो, आणि कारकूनच निघाला तरी आल्हादची हरकत नव्हती. मोठा कागद बोर्डाला लावून त्याने पेन्सिलीने चौकटी आखल्या. पहिली स्वतःची. तिच्यावर दोन: भय्यासाहेब, अहल्या. त्यांच्यावरच्या नावांसाठी म्हणून त्याने चिठ्ठी उघडली, आणि तिथे, आजी-पणजींच्या खाली, भय्यासाहेबांच्या आजोळच्या तीन नावांच्याही खाली, एकटंच एक नाव होतं. अनसूया.

"असेल कोणी आत्या," जयू, त्याची बायको, म्हणाली होती, आणि डाळ भिजत घालायला निघून गेली होती. आत्या. असेलही. पण आत्या दोनच होत्या, आणि दोघींचीही नावं खाली स्वतंत्र होती, एकीच्या नावापुढे भय्यासाहेबांनी 'देवास' असंही लिहून ठेवलं होतं, जणू पाणी चुकीच्या पत्त्यावर जायला नको.

म्हणून तो सकाळीच स्कूटर काढून फ्रीगंजला बापू गुरुजींकडे आला. साड्यांच्या दुकानावर दोन खोल्या, आणि पितृपक्ष असल्यामुळे गुरुजींचा फोन खाली ठेवायची सोय नव्हती.

"ये, बैस. पण जल्दी हां, बाराला देवासगेटवर एक पार्टी आहे." गुरुजींनी चिठ्ठी हातात घेऊन चष्म्याशी नेली. "ही तर भय्यासाहेबांची. ही तुला कशी चालेल? तुझी अलग होणार न. त्यांचे वडील ते तुझे आजोबा. सगळे एकेक पायरी वर सरकणार. घे, लिहून घे."

आल्हादने खिशातली पेन्सिल काढली. गुरुजी सांगत गेले, तो कोऱ्या कागदावर ओळी आखून लिहीत गेला. पिता. पितामह. प्रपितामह. हाताला आवडीचं काम मिळाल्यासारखी अक्षरं सरळ येत होती.

"आता माता. आई आहेत न? मग ती ओळ रिकामी. खाली आजी, पणजी. त्याखाली सापत्नमाता, ती काही नाही तुला. मग आजोळचे आजोबा?"

"दत्तात्रेय. धारचे."

"बढिया. आता चिठ्ठीत काय राहिलं… अनसूया." गुरुजींचं बोट चिठ्ठीवर चालत होतं. "आजोळच्या तिघांनंतर ही जागा येते स्त्रीची. स्त्री मतलब पत्नी. म्हणजे भय्यासाहेबांची…" बोट थांबलं. फोन वाजत होता, तो त्यांनी वाजू दिला. "तुला माहीत नव्हतं काय?"

"होतं," आल्हाद म्हणाला. इतक्या सहज खोटं आपल्याला बोलता येतं हे त्याला नव्याने कळलं.

"माझ्या वडिलांना सगळं माहीत होतं. पण ते आता माझ्या यादीत आहेत." गुरुजी हसले, मग हसणं आवरतं घेतलं. "तर तिला घालायची कुठे, ते बोल. सावत्र आई असेल तर सापत्नमाता, ती ओळ आहेच. आणि तसं नसेल… म्हणजे तू तिचाच असशील, तर मग वरची, मातेची. पण मग आजोळचीही तिन्ही नावं बदलतील. धारचे येणार नाहीत."

आल्हाद कागदाकडे बघत राहिला. दोन ओळी. त्यांच्यात फक्त आजी नि पणजी.

"घरी विचार. अहल्याबाईंना ठाऊक असणार. नदीचं मूळ नि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात, पण आपण कुठले आलो ऋषी?" आणि गुरुजींनी फोन उचलला.

टावर चौकात त्याने स्कूटर लावली आणि एका ठेल्यावर चहा सांगितला, प्यायची इच्छा नसताना. रविवारची गर्दी होती, पोह्यांवर शेव पडत होती, लोक हसत होते. लोकांना किती निवांतपणा असतो… जे पक्कं माहीत आहे ते आधी. मला काय पक्कं माहीत आहे? माझ्या मार्कशीटवर वडिलांचं नाव आहे. त्या काळात आईचं विचारतच नसत. जन्माचा दाखला कोणी काढला नाही. सुलूच्या बारशाचा फोटो आहे — सुलू, तीन वर्षांनी धाकटी बहीण, आईच्या मांडीवर, कुंचीत — आणि माझा पहिला फोटो आहे तो दोन वर्षांचा, खुर्चीला धरून उभा. तोपर्यंत कॅमेरा नव्हता, असं भय्यासाहेब म्हणत. सुलूच्या जन्माची गोष्ट आई दर वाढदिवसाला सांगते, टांग्याचं चाक कसं निखळलं, सुईण कशी चालत आली. आणि माझी? 'तू झालास. मग काय, झालास.' हे ऐकून तो दर वेळी हसत आला होता, मुलग्याचं कौतुक नाही म्हणून लटका रागावत आला होता, आणि आज त्या हसण्याचीच त्याला भीती वाटायला लागली.

चहावर साय धरली. सावत्रच असेल, तो स्वतःला समजावत होता, आधी एक लग्न झालं असेल, ती बिचारी गेली असेल, मग आई आली, मग मी. सरळ आहे. पन्नास घरांत असं झालेलं असतं. पण सरळच होतं तर कोणी बोललं का नाही? एवढ्याशा गोष्टीवर छप्पन्न वर्षं कोण झाकण ठेवतं? आणि धारचे आजोबा… उन्हाळ्याच्या सुटीत ओट्यावर बसून ब्लेडने पेन्सिलीला टोक काढायला त्यांनी शिकवलं होतं. लांब टोक काढ, ब्लेड आपल्या अंगाकडे कधी आणू नको. आजही टोक काढताना त्याचा अंगठा त्यांच्यासारखाच वळायचा. त्यांचं नाव खोडायचं? खोडायचं नि तिथे कोणाचं लिहायचं? ज्याचं गावही माहीत नाही त्याचं?

विचारावं तर आजच. आई एक्क्याऐंशीची आहे. गेल्या आठवड्यात तिने जयूला दोनदा सुलू म्हणून हाक मारली. आज जे तिच्याजवळ आहे ते पुढच्या पितृपक्षात असेलच असं नाही. पण विचारायचं म्हणजे कसं? 'आई, तू माझी…' त्याला ते वाक्य मनातसुद्धा पुरं करवेना. गोवरात महिनाभर ही बाई त्याच्या उशाशी बसली होती. मॅट्रिकला तो नापास झाला तेव्हा भय्यासाहेबांपुढे उभी राहिली होती ती हीच. तिला आता पुरावा द्यायला लावायचा? आणि न विचारावं, तर उद्या त्या कुठल्यातरी अनसूयेला परकी म्हणून पाणी द्यायचं, ती जर… तिने जर मला नऊ महिने… त्याने पेला तसाच ठेवला. कुठून ही दुर्बुद्धी झाली नि तो तक्ता आखायला घेतला.

माधव नगरच्या घरी तो पोचला तेव्हा आई मागच्या गॅलरीत खुर्चीवर बसून ताटात तीळ निवडत होती. उद्याचे. तिचं बोट तिळांमधून हळूहळू फिरायचं, खडा लागला की थांबायचं.

"काय म्हणाले गुरुजी?"

"यादी बदलते म्हणाले. सगळे एकेक पायरी वर."

"दाखव."

त्याला कागद लपवता आला असता. खिशात आहे, मग दाखवतो, असं म्हणता आलं असतं. त्याने दिला. तिने हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि ज्या बोटाने तीळ निवडत होती तेच बोट ओळींवरून नेऊ लागली. भय्यासाहेबांच्या नावावर ते जरा रेंगाळलं. मग खाली आलं आणि थांबलं.

"ही ओळ रिकामी का?"

पन्नासाहून जास्त पितृपक्षांचा स्वयंपाक जिने केला होता, तिला ही रीत माहीत नव्हती असं नाही. आता. विचारायचं तर आता.

"तू आहेस म्हणून," तो म्हणाला.

आईचं बोट पुढे सरकलं, आजी, पणजी, सापत्नमाता, तीही कोरी, धारचे आजोबा. शेवटपर्यंत गेलं आणि पुन्हा एकदा सगळ्या कागदावरून फिरलं. जे नाव त्यात नव्हतं ते ती शोधत होती, हे त्याला दिसत होतं.

"सगळं पेन्सिलीनं लिहिलंयस."

"आधी पेन्सिलच असते. शाई मागाहून."

"हं." तिने कागद त्याला परत दिला. नजर मात्र ताटाकडे. "उद्या नावं घेशील न, जरा मोठ्यानं घे. हे नुसतं पुटपुटायचे. मला आत नीट ऐकू यायचं नाही." तिने एक खडा बाजूला टाकला. "आता तर कानपण गेलेत."

आणि एकदम आल्हादला ते ऐकू आलं, इतक्या वर्षांचं… पाण्याची धार, भय्यासाहेबांचं पुटपुटणं, आणि आत थांबलेली भांडी. म्हणजे ही झारा हातात धरून दाराआड उभी राहायची. दर वर्षी. ते नाव घेतलं का, कसं घेतलं, ऐकत. आणि उद्याही उभी राहणार. नवऱ्याच्या तोंडून ते एकाच ठिकाणी यायचं, ते तिला पाठ होतं. मुलाच्या तोंडून कुठे येईल, वरच्या ओळीत की तीन ओळी खाली, हे कदाचित त्याला बोलता येऊ लागलं तेव्हापासून ती धास्तावून ऐकायला थांबली असेल. सकाळपासून त्याने जी भीती आपली म्हणून छातीशी धरली होती, ती या घरात त्याच्याइतकीच जुनी होती, आणि ती त्याची नव्हती.

प्रश्न जिभेवर होता, तो तिथेच राहिला. आई काय सांगेल याचं भय आता वाटत नव्हतं. उद्या ती माझ्या तोंडून काय ऐकेल याचं वाटत होतं, आणि हे भय जास्त जड होतं.

तो तिच्या पायाशी बसला, ताट जरा आपल्याकडे ओढून घेतलं आणि तीळ निवडू लागला. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं.

"खडे नीट बघ," ती म्हणाली. "काळेच असतात, दिसत नाहीत."

"बघतो," तो म्हणाला. कागद त्याच्या मांडीवर होता, पेन्सिल खिशात, आणि उद्याचे नऊ वाजायला अजून बराच वेळ होता.