देवापुढची साखर

इंग्लंडात स्लाऊला मी आले ती सुनेच्या बाळंतपणाला. शहाऐंशीचा मार्च, बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि ही पोरं बाळाला नुसती पावडर फासून गुंडाळत होती! मी म्हटलं, "वैजयंती, तेल कोमट कर. जयंता काय पावडरीवर वाढला?" माझी तिन्ही मुलं मी याच पायांवर घेऊन न्हाऊ घातली, एकाचंही काही वाकडं झालं नाही.

निनाद मात्र मालिश करताना किंचाळायचा. "रडू दे, छाती मोकळी होते," मी म्हणायचे. आणि डोळे काय होते लबाडाचे! पांढऱ्या भागावर निळसर झाक. दृष्ट लागेल म्हणून मी गालाला तीट लावायचे.

दीड महिन्याचा झाला आणि मांडी सुजली. हॉस्पिटलात एक्स-रे काढला तर मांडीचं हाड मोडलेलं. बरगड्याही मोडून जुळत आलेल्या. डॉक्टरांचा चेहराच बदलला. दुसऱ्या दिवशी कौन्सिलची सोशल वर्कर घरी आली. गोड बोलत होती मेली. बाळाला कोण कसं हाताळतं, दाखवा म्हणाली.

आपण लपवायचं काय? मी पाय पसरले, पायांवर उशी घेतली आणि सगळं करून दाखवलं. छाती रगडणं, उजवा हात डाव्या पायाला लावून ताण देणं, शेवटी दोन्ही पाय धरून उलटं झुलवणं. अगदी हौसेनं! "सांग की रे तिला इंग्रजीत," मी म्हटलं. जयंतानं मान खाली घातली. त्या बाईला सगळं कळलं होतं.

निनादला कौन्सिलवाल्यांनी आमच्याकडून काढून एका परक्या गोऱ्या बाईकडे सांभाळायला ठेवलं. वैजयंतीनं भेटायचं तेही पहाऱ्यात. मी हात जोडून सांगितलं, "मी केलं, मला हाकला, पण लेकरू आईला द्या." तर म्हणे आईनं तुम्हाला अडवलं का नाही? तो परत येणार की कायमचा जाणार, ते कोर्ट ठरवणार होतं. वैजयंती माझ्याशी बोलेना. दूध पिळून सिंकमध्ये ओतायची. माझा जीव तीळ तीळ तुटायचा. मी रोज देवापुढे बसून म्हणायचे, काहीही कर, पण त्याला घरी आण.

जूनमध्ये एका दुपारी ऑफिसातून जयंताचा फोन आला. त्या गोऱ्या बाईनं झबलं घालताना निनादचा हात बाहीतून काढला आणि दंडाचं हाड मोडलं. आता मोठ्या डॉक्टरांनी तपासलं. हाडं जन्मतःच ठिसूळ आहेत, लाखात एखाद्याला होतं, डोळ्यांतली निळाई ही त्याचीच खूण. औषध नाही. मोडतच राहणार. "पण आई, आपल्यावर ठपका नाही. तो घरी येतोय!"

"पावलास रे देवा!" मी ओरडलेच. धावत जाऊन देवापुढे साखर ठेवली, सगळं वैजयंतीला सांगितलं आणि चिमूटभर साखर तिच्या हातावर ठेवायला गेले.

तिनं हात पुढे केला नाही.

"आई, त्याचा हात मोडलाय," ती म्हणाली.

साखर माझ्या बोटांना चिकटली होती. काहीही कर, असं मीच म्हटलं होतं.